लॅटिना तरुणी : लैंगिकतेची जाण व सांस्कृतिक अपेक्षा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या आणि लॅटिन अमेरिकेशी वंशपरंपरेने निगडित असलेल्या स्त्रियांना ‘लॅटिना’ ही संज्ञा लावली जाते. तीत मेक्सिकन, प्वेर्त रीकन, क्यूबन व डोमिनिकन कुटुंबांतील, तसेच मध्य व दक्षिण अमेरिकेतील देशांतून आलेल्या स्त्रियांचा समावेश होतो. शासकीय व्यवहारात ‘हिस्पॅनिक’ हा शब्द १९७७ च्या एका संघीय आदेशानंतर रूढ झाला. तर मेक्सिकन वंशाच्या, राजकीय दृष्ट्या जागृत स्त्रियांनी १९६० नंतर स्वतःसाठी ‘चिकाना’ हे नाव स्वीकारले. १९८० च्या जनगणनेत ह्या समाजाची लोकसंख्या सु. १ कोटी ४६ लक्ष होती. २०२० मध्ये ती ६ कोटी २१ लक्ष, म्हणजे देशाच्या एकूण लोकसंख्येच्या १८·७ टक्के झाली. वर्ण, आर्थिक स्तर, स्थलांतराचा काळ व कायदेशीर दर्जा ह्या सर्व बाबतींत हा समाज एकजिनसी नाही. त्यामुळे त्यातील तरुणींच्या अनुभवांतही मोठी विविधता आढळते.

ह्या तरुणींच्या लैंगिक जीवनाविषयी दोन प्रतिमा दीर्घकाळ प्रचलित होत्या. पहिल्या प्रतिमेनुसार लॅटिना मुलगी धर्मनिष्ठ, कुटुंबाच्या आज्ञेत राहणारी व विवाहापर्यंत कौमार्य जपणारी. दुसरीनुसार ती उष्ण प्रकृतीची, बेबंद व बहुप्रसवा. पहिली प्रतिमा मुख्यतः घराने व चर्चने जोपासली. दुसरी बहुसंख्य अमेरिकन समाजाने, चित्रपटांनी व काही प्रमाणात शासनयंत्रणेनेही प्रसृत केली. ह्या प्रतिमा परस्परविरोधी असल्या, तरी त्यांची फलश्रुती एकच होती. तरुणीच्या शरीरासंबंधीचा निर्णय तिने नव्हे, तर तिच्या वतीने इतरांनी घ्यावयाचा, हे दोहोंतही गृहीत धरलेले होते. विसाव्या शतकात लॅटिना तरुणींनी ह्या गृहीतकाला जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांतून त्यांची स्वतःची अशी एक जाण घडत गेली. ती केवळ आज्ञापालनाची नव्हे आणि केवळ बंडाचीही नव्हे.

ऐतिहासिक पूर्वपीठिका : स्त्रीच्या कौमार्याशी कुळाची अब्रू जोडण्याची कल्पना स्पॅनिश जेत्यांबरोबर अमेरिका खंडात आली. तथापि ही कल्पना सर्व काळ सारख्याच स्वरूपात राहिली, असे दिसत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहास वधूवरांची स्वेच्छा आवश्यक ठरविली. सोळाव्या व सतराव्या शतकांतील मेक्सिकोत आईवडिलांचा विरोध असताना चर्चने अनेकदा तरुण जोडप्यांची बाजू घेतली, असे पॅट्रिशिया सीड ह्या इतिहासकर्तीने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. पुढे अठराव्या शतकात मालमत्ता व वंशशुद्धी ह्यांचे महत्त्व वाढले. स्पेनच्या राजाने १७७६ मध्ये काढलेला आणि १७७८ मध्ये वसाहतींना लागू केलेला आदेश पंचवीस वर्षांखालील मुलामुलींच्या विवाहास पालकांची अनुमती बंधनकारक करणारा होता. ज्या कडक बंधनांना पुढे ‘सनातन परंपरा’ म्हटले गेले, त्यांपैकी काही अशा रीतीने राजाज्ञेने घडलेली व तुलनेने अर्वाचीन आहेत.

मेक्सिकन लोकमानसात स्त्रीत्वाची तीन प्रतीके खोलवर रुजली आहेत. त्यांपैकी पहिले ग्वादलूपेची कुमारी माता मेरी. परंपरेनुसार १५३१ मध्ये तिने मेक्सिको नगरीजवळील टेपेयाक टेकडीवर ह्वान द्येगो ह्या इंडियन धर्मांतरिताला दर्शन दिले. दुसरे मालिन्चे किंवा मालिन्त्सिन ही स्त्री. १५१९ मध्ये ताबास्को येथे एर्नान कोर्तेझला भेट म्हणून दिलेल्या वीस दासींपैकी ती एक होती. नाहुआत्ल व माया ह्या दोन्ही भाषा अवगत असल्याने ती त्याची दुभाषी बनली व पुढे तिला त्याच्यापासून पुत्र झाला. तिसरे प्रतीक म्हणजे आपल्याच मुलांच्या मृत्यूस कारण झाल्याने रात्री नदीकाठी आक्रोश करीत फिरणारी ‘ला योरोना’ ही लोककथेतील स्त्री. पवित्र माता, कुलद्रोही रखेली आणि शापित आई अशा ह्या तीन चौकटींत मुलींना स्त्रीत्वाचे धडे दिले जात. ओक्ताव्यो पास ह्याने १९५० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधग्रंथात मालिन्चेला पराभूत व भ्रष्ट मातेचे प्रतीक मानले आणि ही मांडणी पुढील पिढ्यांवर प्रभाव पाडणारी ठरली. दासी म्हणून देण्यात आलेल्या मुलीला निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न त्या मांडणीत उपस्थित झाला नव्हता. तो १९७० नंतर चिकाना लेखिकांनी विचारला.

स्थलांतर व पाठराखण : १८४८ च्या ग्वादलूपे ईदाल्गो तहाने मेक्सिकोचा उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश संयुक्त संस्थानांकडे गेला. १८९८ मध्ये प्वेर्त रीको अमेरिकेच्या ताब्यात आले व १९१७ मध्ये तेथील रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. मेक्सिकन क्रांतीच्या (१९१० नंतरच्या) धामधुमीत लक्षावधी लोक सीमा ओलांडून आले. ह्या कुटुंबांतील मुली कॅलिफोर्निया व टेक्ससमधील शाळांत जाऊ लागल्या आणि फळे व भाज्या डबाबंद करण्याच्या कारखान्यांत मजुरी करू लागल्या. हाती आलेला पगार, चित्रपटगृहे, नृत्यगृहे व सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती ह्यांमुळे त्यांच्यासमोर तारुण्याची एक वेगळी कल्पना उभी राहिली.

विवाहयोग्य मुलीने आई, मावशी, थोरली बहीण किंवा भाऊ ह्यांच्या सोबतीशिवाय बाहेर जाऊ नये, ही पाठराखणीची प्रथा त्या काळी सर्वत्र पाळली जाई. व्हिकी रुईझ ह्या इतिहासकर्तीने वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९२० ते १९५० ह्या काळातील मुलींनी ह्या प्रथेशी कसा सामना केला, ह्याचे तपशीलवार चित्र रेखाटले आहे. काहींनी प्रथा निमूटपणे पाळली. काहींनी धाकट्या भावंडांना फितवून वाट काढली. तर काहींनी पळून जाऊन विवाह केला. पाठराखण सैल होण्यास केवळ अमेरिकन विचारांचा संसर्ग कारणीभूत नव्हता. मुलीच्या मजुरीवर घर चालू लागल्यावर तिच्या प्रत्येक पावलावर लक्ष ठेवणे कुटुंबाला शक्यही राहिले नाही. ज्या मुलीला दिवसभर कारखान्यात एकटीने वावरावे लागे, तिला संध्याकाळी नृत्याला जाण्यास मनाई का, असा प्रश्न घरोघरी उद्‌भवला.

१९४० च्या सुमारास लॉस अँजेल्समध्ये ‘पाचुका’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलींचा वर्ग पुढे आला. आखूड घागरे, उंच बांधलेले केस व गडद ओष्ठरंग ही त्यांची वेशभूषा. ‘स्लीपी लगून’ खून खटल्यात (१९४२) गोवलेल्या तरुणांबरोबरच काही मुलींनाही पकडण्यात आले आणि त्यांपैकी काहींची रवानगी व्हेंचुरा येथील मुलींच्या सुधारगृहात झाली. इंग्रजी वृत्तपत्रांनी ह्या मुलींना गुन्हेगार व स्वैर ठरविले. स्पॅनिश वृत्तपत्रांनी त्यांना समाजाला कलंक मानले. घरच्यांच्या व परक्यांच्या अशा दोन्ही नजरा एकाच मुलीवर एकाच वेळी रोखल्या जाण्याचे हे ठळक उदाहरण होय.

शासन, वैद्यक व शरीर : लॅटिना तरुणींच्या लैंगिकतेवरील नियंत्रण घरापुरते मर्यादित नव्हते. कॅलिफोर्नियात १९०९ ते १९७९ ह्या काळात अमलात असलेल्या सुप्रजाजननविषयक कायद्याखाली शासकीय संस्थांतील वीस हजारांहून अधिक व्यक्तींचे वंध्यीकरण करण्यात आले. १९२० ते १९४५ ह्या कालखंडातील नोंदींच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार लॅटिना स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या तुलनेने ५९ टक्क्यांनी अधिक होती. त्यांत तरुण मुलींची संख्या लक्षणीय होती. मुलांबरोबर फिरणे, घरातून पळून जाणे किंवा विवाहापूर्वी गरोदर राहणे हीदेखील ‘मंदबुद्धी’ असल्याची लक्षणे मानून त्यांना अशा संस्थांत दाखल केले जाई. येथे कौमार्याची जुनी कल्पना आणि सुप्रजाजननाचे आधुनिक म्हणविणारे शास्त्र ह्यांची सांगड पडलेली दिसते.

प्वेर्त रीकोत १९३७ च्या कायद्याने संततिनियमन व वंध्यीकरण ह्यांना मान्यता मिळाली. दारिद्र्याचे मूळ लोकसंख्यावाढीत आहे, असे मानणाऱ्या धोरणाखाली वंध्यीकरणाचा तेथे इतका प्रसार झाला, की १९६५ च्या एका पाहणीनुसार २० ते ४९ वयोगटातील मातांपैकी सु. एक तृतीयांश मातांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. लोकांत ती नुसती ‘ला ओपेरासिओन’ (शस्त्रक्रिया) ह्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि त्याच नावाचा आना मारिया गार्सिआ हिचा अनुबोधपट १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. संततिप्रतिबंधक गोळीची पहिली मोठी चाचणीही १९५६ मध्ये तेथील रिओ पिएद्रास येथे ग्रेगरी पिंकस व जॉन रॉक ह्यांच्या मार्गदर्शनाखाली घेण्यात आली. आपण एका प्रयोगाचा भाग आहोत, ह्याची कल्पना त्यात सहभागी झालेल्या स्त्रियांना दिलेली नव्हती. तथापि ह्या सर्व स्त्रियांना केवळ बळी मानणेही अपुरे ठरते. आयरिस लोपेझ हिने २००८ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे अनेक प्वेर्त रीकन स्त्रियांनी मोजकी मुले असावीत ह्या इच्छेने स्वतःहून शस्त्रक्रिया करवून घेतली. मात्र इतर सुरक्षित व स्वस्त साधने उपलब्ध नसताना केलेल्या निवडीला पूर्ण स्वातंत्र्य म्हणता येईल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

लॉस अँजेल्समधील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीसाठी आलेल्या मेक्सिकन स्त्रियांची संमती ऐन प्रसूतिवेदनांत, पुष्कळदा इंग्रजी कागदावर सही घेऊन मिळविण्यात आली व त्यांचे वंध्यीकरण केले गेले. त्यांपैकी दहा स्त्रियांनी १९७५ मध्ये संघीय न्यायालयात दावा लावला. ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ह्या दाव्यात अंतोनिआ एर्नान्देझ ह्या तरुण वकील स्त्रीने त्यांची बाजू मांडली. वंध्यत्वामुळे ह्या स्त्रियांना झालेल्या मानसिक आघाताचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी कार्लोस व्हेलेझ-इबान्येझ ह्या मानवशास्त्रज्ञाने त्यांच्या समाजात मातृत्वाला असलेले महत्त्व न्यायालयात विशद केले. १९७८ मध्ये न्यायाधीशांनी डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. जे घडले ते परस्परांतील गैरसमजामुळे घडले, आणि स्त्रियांना झालेले दुःख त्यांच्या विशिष्ट सांस्कृतिक पार्श्वभूमीतून उद्‌भवले असून त्याची पूर्वकल्पना डॉक्टरांना असणे शक्य नव्हते, अशी त्यांची विचारसरणी होती. अन्यायाचे गांभीर्य दाखविण्यासाठी पुढे केलेली ‘संस्कृती’च अशा प्रकारे तक्रार फेटाळण्याचे कारण बनली. दावा निकालात हरला, तरी संमतिपत्रे स्पॅनिशमध्ये उपलब्ध होऊ लागली आणि संघीय नियमांनी किमान २१ वर्षांचे वय व संमतीनंतर तीस दिवसांची मुदत आवश्यक ठरविली. लॉस अँजेल्स परगण्याच्या शासनाने २०१८ मध्ये ह्या प्रकरणाबद्दल क्षमायाचना केली. न्यूयॉर्कमध्ये अशाच नियमांसाठी झटणाऱ्यांत एलेन रॉद्रीगेझ त्रीआस ही प्वेर्त रीकन बालरोगतज्ञ प्रमुख होती; पुढे ती अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेची पहिली लॅटिना अध्यक्ष झाली.

चळवळ व मतभेद : १९६० नंतरच्या चिकानो चळवळीने वांशिक स्वाभिमान जागृत केला, परंतु कुटुंब हेच प्रतिकाराचे केंद्र मानल्यामुळे स्त्रीची पारंपरिक भूमिकाही पवित्र ठरली. १९६९ मध्ये डेन्व्हर येथे भरलेल्या युवक परिषदेत स्त्रियांच्या गटाने आपल्याला वेगळी मुक्ती नको असल्याचे जाहीर केले. अवघ्या दोन वर्षांनी चित्र पालटले. मे १९७१ मध्ये ह्यूस्टन येथे सु. सहाशे चिकाना स्त्रियांची राष्ट्रीय परिषद झाली. तीत लैंगिकता ह्या विषयावर स्वतंत्र चर्चासत्र ठेवण्यात आले होते. मोफत व कायदेशीर गर्भपात, संततिनियमनाची साधने आणि चोवीस तासांची बालसंगोपनगृहे ह्यांची मागणी करणारे ठराव संमत झाले. पुरुषाला मोकळीक व स्त्रीला बंधन हा दुहेरी मापदंड आणि चर्चची भूमिका ह्यांवर टीका करण्यात आली. तथापि उपस्थितांपैकी जवळजवळ अर्ध्या स्त्रिया सभात्याग करून बाहेर पडल्या. आपला खरा विरोधक वर्णद्वेष आहे, घरातील पुरुष नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ह्या फुटीकडे प्रगत विरुद्ध सनातनी अशा सोप्या विभागणीने पाहता येत नाही. ज्या समाजाच्या स्त्रियांचे वंध्यीकरण त्यांच्या नकळत होत होते, त्या समाजात संततिनियमनाच्या मागणीविषयी साशंकता वाटणे स्वाभाविक होते. ह्याच सुमारास लाँग बीच येथील विद्यापीठात ॲना न्येतो-गोमेझ व तिच्या सहकारी विद्यार्थिनींनी ‘इहास दे क्वाउतेमोक’ हे पत्र सुरू केले. न्यूयॉर्कमधील ‘यंग लॉर्ड्‌स’ ह्या प्वेर्त रीकन संघटनेतील स्त्रियांनी १९७० मध्ये संघटनेच्या जाहीरनाम्यातून ‘क्रांतिकारी पुरुषार्थ’ ही कल्पना काढून टाकावयास लावली. सक्तीच्या वंध्यीकरणाला विरोध आणि ऐच्छिक गर्भपाताला पाठिंबा ह्या दोन्ही भूमिका त्यांनी एकत्र मांडल्या. मूल होऊ न देण्याइतकाच मूल होऊ देण्याचाही हक्क स्त्रीचाच, हे सूत्र त्यातून सिद्ध झाले.

ह्या सूत्राची निकड पुढील घटनांनी दाखवून दिली. गर्भपाताला १९७३ मध्ये घटनात्मक संरक्षण मिळाले. परंतु १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरिबांच्या वैद्यकीय साहाय्य योजनेतून त्यासाठी पैसा देणे बंद झाले. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्ससमधील मॅकॲलन येथे सत्तावीस वर्षांची एक मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थिनी असुरक्षित गर्भपातामुळे मरण पावली. ती एका लहान मुलीची आई होती व शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. ह्या दुरुस्तीनंतरचा असा पहिला ज्ञात मृत्यू म्हणून त्याची नोंद झाली आहे.

‘मरियानिझ्मो’ची संकल्पना : पुरुषी वर्चस्वाच्या ‘माचिस्मो’ ह्या कल्पनेला पूरक म्हणून एव्हलिन स्टीव्हन्स हिने १९७३ मध्ये ‘मरियानिझ्मो’ ही संज्ञा मांडली. मेरीप्रमाणे सोशिक, त्यागी व निष्काम राहणारी स्त्री नैतिक दृष्ट्या पुरुषापेक्षा श्रेष्ठ मानली जाते आणि म्हणून स्त्रिया हा आदर्श आपखुषीने स्वीकारतात, असे तिचे प्रतिपादन होते. मानसशास्त्र व समाजकार्य ह्या क्षेत्रांत ही संज्ञा झपाट्याने पसरली. परंतु तिच्यावर कठोर टीकाही झाली. मारिसा नाव्हारो हिने २००२ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे ही मांडणी तुटपुंज्या पुराव्यावर आधारलेली असून देश, वर्ग व काळ ह्यांतील भेद पुसून टाकते. लॅटिना मुलीच्या प्रत्येक अडचणीचे मूळ तिच्या संस्कृतीत शोधण्याची सवय ह्या संज्ञेमुळे बळावली व दारिद्र्य, वर्णभेद, आरोग्यसेवेचा अभाव ही कारणे झाकली गेली, असा आक्षेप घेतला जातो.

साहित्य व कला : जुन्या प्रतीकांचा त्याग करण्याऐवजी त्यांचा नवा अर्थ लावणे, हे चिकाना साहित्य व कलेचे वैशिष्ट्य होय. योलांदा लोपेझ हिने १९७८ मध्ये रंगविलेल्या चित्रमालिकेत ग्वादलूपेच्या मेरीच्या तेजोवलयात स्वतःला धावण्याचे बूट घातलेल्या, झेपावणाऱ्या तरुणीच्या रूपात, आपल्या आईला शिवणयंत्रावर काम करणाऱ्या कष्टकरी स्त्रीच्या रूपात व आजीलाही त्याच मानाच्या स्थानी दाखविले. अल्मा लोपेझ हिचे त्याच प्रतीकावरील १९९९ चे चित्र २००१ मध्ये सँता फे येथील वस्तुसंग्रहालयात मांडले गेले, तेव्हा भाविकांकडून व चर्चकडून तीव्र निषेध झाला. स्त्रीदेह उघडा दिसणे हे पावित्र्यभंगाचे लक्षण मानावे काय, असा वाद त्यातून झडला. शेरी मोरागा व ग्लोरिया आन्झाल्दुआ ह्यांनी १९८१ मध्ये संपादित केलेला लेखसंग्रह आणि आन्झाल्दुआचा ‘बॉर्डरलँड्‌स’ (१९८७) ह्यांनी समलिंगी लॅटिना स्त्रियांच्या अनुभवांना वाचा फोडली. स्वतःच्या समाजात परके आणि बाहेरच्या समाजातही परके ठरण्याची दुहेरी व्यथा त्यांत व्यक्त झाली आहे. सँड्रा सिस्नेरोस हिच्या ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) ह्या कादंबरीत शिकागोतील एका वाढत्या वयाच्या मुलीच्या नजरेतून खिडकीत कोंडलेल्या स्त्रिया, लवकर झालेले विवाह व मुलींवरील अत्याचार ह्यांचे चित्रण आढळते.

पंधरावा वाढदिवस : मुलीच्या पंधराव्या वाढदिवशी साजरा होणारा ‘कीन्सेआन्येरा’ हा समारंभ सांस्कृतिक अपेक्षांचे सर्वांत दृश्य रूप होय. चर्चमधील प्रार्थना, पांढरा किंवा रंगीत झगा, मुकुट, वडिलांबरोबर वॉल्ट्झ नृत्य, सपाट चपला काढून उंच टाचांचे जोडे घालणे व अखेरची बाहुली स्वीकारणे ही त्याची प्रमुख अंगे आहेत. त्याचा उगम ॲझटेक विधींत असल्याचे वारंवार सांगितले जाते. त्याच्या आजच्या रूपावर मात्र एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय नृत्यसमारंभांची छाप स्पष्ट आहे. संस्काराचा मूळ हेतू मुलगी विवाहयोग्य झाल्याचे जाहीर करणे हा होता. आता अनेक कुटुंबे त्याचा अर्थ मुलीने शिक्षण पुरे करण्याचा संकल्प किंवा आपल्या मूळ संस्कृतीशी नाते जोडणे असा करतात. कॅरन मेरी दाव्हालोस हिने शिकागोत केलेल्या अभ्यासात मुली, त्यांच्या माता व धर्मगुरू हे तिघेही ह्या समारंभाचे वेगवेगळे अर्थ लावतात, असे आढळले. हुल्या आल्व्हारेस हिने २००७ च्या आपल्या पुस्तकात ऐपतीबाहेरचा खर्च व राजकन्येचा क्षणिक थाट ह्यांवर बोट ठेवले. तथापि पिढ्यापिढ्यांतील स्त्रिया त्यानिमित्ताने एकत्र येतात, हे त्याचे बलस्थानही तिने मान्य केले.

तरुणींची स्वतःची जाण : १९९० नंतरच्या संशोधनाचा विशेष हा, की त्यात तरुणींविषयी इतरांनी काय म्हटले, ह्यापेक्षा त्या स्वतः काय म्हणतात, ह्याला महत्त्व मिळाले. आइदा ऊर्तादो हिने वीस ते तीस वयोगटातील १०१ उच्चशिक्षित चिकाना तरुणींशी बोलून २००३ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घरात लैंगिकतेविषयी माहितीपेक्षा इशारेच अधिक मिळाले, ह्या आठवणी त्यात आहेत; मात्र ह्या तरुणी आपल्या मातांचा तिरस्कार करीत नाहीत. मातांना जे शिकता आले नाही, ते मिळविण्याची जबाबदारी त्या स्वतःची मानतात.

ग्लोरिया गोन्झालेझ-लोपेझ हिने लॉस अँजेल्समधील मेक्सिकन स्थलांतरित स्त्रीपुरुषांच्या मुलाखतींवर आधारित ग्रंथ २००५ मध्ये लिहिला. तिच्या मते कौमार्य ही केवळ धार्मिक बाब नसून ते एक प्रकारचे ‘स्त्रीचे भांडवल’ आहे. जेथे स्त्रीला नोकरी, मालमत्ता वा कायद्याचे संरक्षण नाही, तेथे चांगला विवाह जुळविण्यासाठी व सासरी मान राखण्यासाठी ते तिच्या उपयोगी पडते. स्थलांतरानंतर उत्पन्नाचे व शिक्षणाचे मार्ग खुले झाले, की ह्या भांडवलाचे मोल घटते. मुलींच्या कौमार्याविषयी वडिलांना विचारले असता त्यांपैकी अनेकांनी अब्रूपेक्षा मुलीचे शिक्षण, अकाली गरोदरपण व हिंसेचे भय ह्यांवर भर दिला. रांगड्या, हट्टी बापाचे ठरीव चित्र ह्या निष्कर्षांशी जुळत नाही. ह्याउलट मारिसोल आसेन्स्यो हिच्या न्यूयॉर्कमधील प्वेर्त रीकन किशोरवयीनांच्या अभ्यासात मुलींना ‘चांगली’ व ‘वाईट’ अशी लेबले लावण्याची रीत मुलांच्या हिंसेचे समर्थन करण्यासाठी कशी वापरली जाते, हे दिसून आले. बदल सर्वत्र सारखा झालेला नाही, ह्याची ही साक्ष होय.

लोरेना गार्सिआ हिने शिकागोतील मेक्सिकन व प्वेर्त रीकन वंशाच्या चाळीस मुलींशी केलेल्या संवादाचा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक संबंध असलेल्या ह्या मुली संरक्षक साधने कटाक्षाने वापरीत व त्यामागील कारण ‘रेस्पेतो’ म्हणजे आदर ह्या शब्दात सांगत. परंपरेत ह्या शब्दाचा अर्थ वडीलधाऱ्यांचा मान राखणे व त्यासाठी कौमार्य जपणे असा होता. मुलींनी त्यात स्वतःच्या शरीराचा व भवितव्याचा आदर हा अर्थ घातला. मेक्सिकन स्पॅनिशमधील ‘कुईदार्से’ (स्वतःला जपणे) ह्या क्रियापदालाही अशीच दुहेरी छटा आहे. तोल सांभाळून वागणे आणि संततिप्रतिबंधक साधने वापरणे हे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. शाळांतील लैंगिक शिक्षणात मात्र ह्या मुली लवकर गरोदर राहणारच, असे शिक्षक गृहीत धरीत; साधनांविषयी अधिक माहिती विचारणारी मुलगी त्यांना संशयास्पद वाटे. जुनी दुसरी प्रतिमा वर्गात अशी टिकून राहिली होती. आपले चारित्र्य सिद्ध करण्यासाठी काही मुलीही इतर मुलींना, विशेषतः गोऱ्या मुलींना, स्वैर ठरवीत, ही गोष्टही ह्या अभ्यासाने नजरेआड केलेली नाही.

सद्यःस्थिती : १५ ते १९ वयोगटातील दर हजार हिस्पॅनिक मुलींमागे जन्मांचे प्रमाण १९९१ मध्ये सु. १०५ होते, २०१९ मध्ये ते सु. २५ वर आले. देशातील सर्व मुलींचे प्रमाण ह्या दोन वर्षी अनुक्रमे सु. ६२ व १७ होते. अर्थात फरक कायम असला, तरी घट दोहोंकडे झाली व हिस्पॅनिक मुलींमध्ये ती अधिक वेगाने झाली. संततिप्रतिबंधक साधनांचा वाढता वापर हे तिचे एक प्रमुख कारण मानले जाते. अपरिवर्तनीय संस्कृतीचा सिद्धांत ह्या घटीचा उलगडा करू शकत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यानंतर टेक्ससमध्ये, जेथे लॅटिनो लोकसंख्या मोठी आहे, गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. तेव्हा निर्णय कोणाचा, हा ह्यूस्टनच्या परिषदेत विचारलेला प्रश्न पुन्हा कायद्याच्या पातळीवर उपस्थित झाला आहे.

लॅटिना तरुणींच्या इतिहासाचे तात्पर्य असे, की परंपरा व आधुनिकता ह्यांतील संघर्ष एवढ्याच सूत्राने त्याचा अर्थ लागत नाही. ज्या बंधनांना परंपरा म्हटले गेले, त्यांतील काही राजाज्ञेने घडली. ज्या उपायांना आधुनिक म्हटले गेले, त्यांतील काही सक्तीचे निघाले. ह्या दोहोंमधून वाट काढताना तरुणींनी घरातील शब्द टाकून दिले नाहीत. आदर, जपणूक व मातृत्व हे तेच शब्द त्यांनी ठेवले. मात्र त्यांचा अर्थ ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.